हिदेकी युकावा आणि अणुगर्भांतील बंधन

समान विद्युद्भाराच्या दोन वस्तु एकमेकींस दूर लोटतात, हें आमच्या शाळेंतील कोणताहि विद्यार्थी सांगेल. मग अणूच्या गर्भांत धनभारित प्रोटॉन इतक्या दाटीनें एकत्र कसे नांदतात? हें कोडें केवळ विचाराच्या बळावर उकलूं पाहणाऱ्या एका जपानी शास्त्रज्ञाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

हिदेकी युकावा ह्यांचा जन्म १९०७ सालीं तोकियो येथें झाला; बाळपण क्योतो शहरांत गेलें. वडील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. आजोबांनीं मात्र अर्थ कळण्यापूर्वींच नातवाकडून जुन्या चिनी ग्रंथांचें पठण करविलें. (पालकांनीं हें वाचून मुलांचें पाठांतर दुप्पट करूं नये, ही विनंति.)

युकावांचा विचार असा. विद्युत्प्रेरणा दूरवर पोंचते, कारण तिचा वाहक जो प्रकाशकण त्यास वस्तुमानच नाहीं. अणुगर्भांतील प्रेरणा सेंटिमीटरच्या दहा लक्ष कोटीव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट अंतरापलीकडे जवळजवळ लुप्त होते. तेव्हां तिचा वाहक कण जड असला पाहिजे. पल्ला जितका तोकडा, तितका कण जड. गणित करितां तो इलेक्ट्रॉनच्या सुमारें २०० पट भरला. हा निबंध १९३५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां युकावा अठ्ठावीस वर्षांचे होते व परदेशीं एकदांहि गेले नव्हते. असा कण तोंवर कोणीं पाहिलेला नव्हता.

१९३७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांना विश्वकिरणांत साधारण तेवढ्याच वजनाचा कण सांपडला. पुष्कळांस वाटलें, हाच तो! आपल्या मुंबईचे होमी भाभा ह्यांनीं १९३९ सालीं अशा कणास ‘मेसॉन’ हें सुटसुटीत नांव सुचविलें. परंतु पुढें भलतेंच दिसूं लागलें. हा कण अणुगर्भाशीं जणूं ओळखच नसल्याप्रमाणें निघून जाई. ज्यानें बांधावयाचें तोच अलिप्त! मग युकावांचा तर्क चुकला कीं काय? दहा वर्षें हा पेंच सुटला नाहीं. मध्यंतरीं महायुद्धहि होऊन गेलें.

१९४७ सालीं ब्रिस्टल येथील पॉवेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं उंच पर्वतांवर ठेविलेल्या छायाचित्रणाच्या कांचा तपासल्या. त्यांत एक कण थांबतो व त्यांतून दुसरा हलका कण निघतो, अशा रेषा उमटलेल्या होत्या. थांबणारा कण युकावांचा. १९३७ चा कण हें त्याचें अपत्य!

१९४९ सालीं युकावांस नोबेल पारितोषिक मिळालें. जपानी माणसास हा मान प्रथमच लाभला. १९५५ सालीं अण्वस्त्रांच्या संकटाविषयीं रसेल व आइन्स्टाइन ह्यांनीं काढलेल्या जाहीरनाम्यावर त्यांनीं सही केली. १९८१ सालीं क्योतो येथें ते निवर्तले. प्रोटॉनहि क्वार्क नामक सूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, हें आतां ज्ञात आहे. तरी दोन प्रोटॉन किंचित् अंतरावर असतां त्यांमधील आकर्षण सांगावयाचें झाल्यास शास्त्रज्ञ अजूनहि युकावांच्या कणाकडेच वळतात.