व्हेंटवरची चिकटपट्टी

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढल्या जातात आणि पाऊस सरला की पुन्हा उतरवल्या जातात. मधले महिने बोट यार्डाच्या भरवशावर असते. प्रस्तुत लेखकाची बोटही तशीच ठेवलेली होती. यार्डाचे पैसे दरमहा चुकते होत होते आणि बिलात ‘दर पंधरवड्याला केबिन उघडून हवा देणे’ अशी स्पष्ट ओळ होती.

ऑक्टोबरात कुलपात किल्ली फिरेना. गंजाचा थर कडीपासून कुलपाच्या तोंडापर्यंत सलग चढलेला, कुठेही खरवडलेला नाही. पंधरवड्याला उघडलं जाणारं कुलूप असं दिसत नाही. कडी कापून हॅच सरकवली आणि कुबट वासाचा भपकारा आला. गाद्यांच्या खालच्या अंगाला राखाडी-हिरवी लव, प्लायवूडवर काळे ठिपके, लाइफजॅकेटच्या पट्ट्यांवर पांढरा भुरका. डेकवरच्या दोन्ही व्हेंटवर पॅकिंगची तपकिरी चिकटपट्टी मारलेली.

यार्डवाला म्हणाला, “पाणी आत जाऊ नये म्हणून लावली, साहेब. आणि पावसाळ्यात बुरशी येणारच.”

बुरशी ‘येणारच’ हे साफ खोटं आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना रुजायला ओल आणि खाद्य लागतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. मुंबईत जुलैमध्ये ती ८० च्या पुढे असते. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिथे पाणी सुटतं. सरीने गार झालेल्या डेकखाली, बंद केबिनमध्ये हेच होतं. त्यात समुद्राच्या पाण्याने भिजलेलं कापड असेल तर विचारूच नका. मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे असं कापड पावसाळाभर सुकत नाही. म्हणून हंगाम संपताच गाद्यांचे अभ्रे, दोर आणि केबिनची जमीन गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणं हे पहिलं काम.

पाणी अडवून हवा घेण्याची सोय नवी नाही. ऑलिन स्टीफन्सने आखलेल्या १९३० सालच्या ‘डोराड’ या नौकेवरून नाव पडलेल्या व्हेंटमध्ये पाणी पेटीतच अडतं आणि भोकांतून डेकवर निघून जातं. हवा मात्र उंच नळीतून आत उतरते. कोकणात होड्या शाकारतात त्याही माडाच्या झापांनी, म्हणजे वारा खेळता राहतो. ताडपत्री घालायची तर आडव्या काठीवर तंबूसारखी, दोन्ही टोकं मोकळी सोडून. डेकला चिकटवून आवळलेली ताडपत्री बोट कुजवते.

तरीही थंड देशांतल्या पुस्तकांचा ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे एकटा पुरत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. बुरशीचं खाद्य काढून घ्यावं: गाद्या, शिडं, नकाशे, कपडे घरी न्यावेत. लॉकरची दारं आणि जमिनीच्या फळ्या उघड्या ठेवाव्यात, बिल्ज पुसून कोरडी करावी. यार्डात वीज असेल तर केबिन बंद करून डीह्युमिडिफायर लावावा आणि त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडावी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मुंबईच्या पावसात भराभर भरतात, आणि सांडलेलं पाणी ॲल्युमिनियम खातं. रोज कोणी बघणार नसेल तर ते नकोतच.

बुरशी आलीच तर कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू केबिनभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फडक्याने लावावं, तासभर ठेवून साबणाच्या पाण्याने पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. आतपर्यंत काळा पडलेला फोम फेकून द्यावा.

यार्डवाल्याने ‘दुरुस्ती’ म्हणून प्लायवूडवर ब्लीच मारलं. डाग पांढरे झाले, भिंत नवी दिसली, त्याचंही बिल आलं. दिवाळी उलटते तोच ठिपके त्याच जागी. ब्लीचमधलं पाणी लाकडात मुरतं आणि क्लोरीन वरच राहतं, त्यामुळे मुळं शाबूत राहतात. फायबरग्लासच्या गुळगुळीत भागावर ते चालतं. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. ज्यांना यंदा बोट चढवायची आहे त्यांनी करारात लिहून घ्यावं: डीह्युमिडिफायर लावलेला नसेल तर व्हेंट झाकायचे नाहीत, दर पंधरवड्याला उघड्या हॅचचा आणि आतल्या हायग्रोमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो पाठवायचा, फोटो आल्यावरच त्या पंधरवड्याचे पैसे. आगाऊ काही देऊ नये, आणि ही अट नाकारणाऱ्या यार्डात बोट ठेवू नये.