चार पातेल्यांची शितं

प्रश्न : आमच्याकडे चार कॅव्हिटीच्या साच्यातून प्लॅस्टिकची झाकणं निघतात. दर तासाच्या ठोक्याला पाच नग तपासतो. तक्त्यात सगळं ठीक दिसतं, तरी गिऱ्हाइकाकडून माल परत येतो. तपासणी वाढवावी का? – एक सुपरवायझर, चाकण

उत्तर : वाढवावी लागेल, पण आधी नग कुठून उचलता ते पाहा. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच पातेल्यातला असला तर. तुमची पातेली चार आहेत. क्रेटमधले वरवरचे पाच नग घेतले, तर एखाद्या कॅव्हिटीचं झाकण त्यात नसेलही. झाकणाच्या आत बहुधा कॅव्हिटीचा आकडा उमटलेला असतो. प्रत्येक आकड्याचा नग घ्या आणि नोंद वेगवेगळी ठेवा. चारही कॅव्हिटींची एकत्र सरासरी काढलीत, की खराब कॅव्हिटी तीन चांगल्यांच्या आड लपते.

दुसरी अडचण ठोक्याची. तपासायला कोण कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्या वेळी मशीनवर जास्त लक्ष राहतं. जेवणाच्या सुट्टीनंतर गार साच्यातून निघालेले पहिले नग मात्र तुमच्या हाती कधीच लागत नाहीत. 1 ते 60 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि तासाच्या सुरुवातीला एक काढा. निघेल त्या मिनिटाला नग उचला. मनाने निवडलेली वेळ खरी यादृच्छिक नसते, आपला हात सवयीच्या जागी जातोच. मशीन बंद पडून सुरू झाल्यावरचे नग वेगळे नोंदवा.

आता संख्येचं. शंभरात एक नग खराब असेल, तर पाच नगांत एकही खराब न सापडण्याची शक्यता 95 टक्के असते. आठ तासांच्या पाळीत 40 नग तपासले, तरी तीनपैकी दोन पाळ्यांचा तक्ता स्वच्छच दिसेल. त्यामुळे एका पाळीच्या तक्त्यावर विसंबू नका, काही आठवड्यांच्या नोंदी एकत्र पाहा.

मोजणाऱ्याकडेही बघायला हवं. बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवत. दोघांच्या आकड्यांत फरक पडला, की मोजणीतली गफलत उघडी पडे. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. तेच नग दोन तपासनिसांना एकमेकांना न विचारता तपासू द्या. कडेला फ्लॅश, म्हणजे जादा प्लॅस्टिक, किती आला म्हणजे नग नापास, यावर मतं वेगळी निघाली, तर मर्यादेवरचा एक नग टेबलावर कायमचा ठेवा. आणि खराब नग नोंदवला म्हणून ऑपरेटरला कुणी बोलता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी तो नोंदवलाच जाणार नाही.

परत आलेली झाकणं भंगारात टाकली नसतील, तर आजच ती उलटी करून आतला आकडा वाचा.