चालक चाकें दोन कीं चार?

विजेची गाडी घेतांना दोन चाकांस बळ असावें कीं चारही चाकांस, असा प्रश्न पडतो. टाटा कंपनीची २०२५ सालीं बाजारांत आलेली विजेवरील हॅरियर हें याचें उत्तम उदाहरण होय. तिच्या एका प्रकारांत एकच मोटर मागील चाकें फिरविते. दुसऱ्यांत पुढील चाकांसाठीं आणखी एक मोटर असते. आरंभींच्या किमतींत हा दुसरा प्रकार सुमारें दीड लाख रुपयांनीं महाग होता.

वेग घेतांना गाडीचा भार मागें सरतो, व मागील चाकें रस्ता अधिक घट्ट धरतात. म्हणून नागपुराहून समृद्धी महामार्गानें जाणाऱ्यास तीं दोन पुरेशीं होतात. परंतु पावसाळ्यांत विदर्भाच्या काळ्या मातींत तीं रुतून जागच्याजागीं फिरूं लागलीं, तर पुढील चाकांचें बळ उपयोगीं पडतें.

एक गोष्ट मात्र सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. ब्रेक दोन्ही प्रकारांत चारही चाकांस असतात. अधिक मोटर गाडीस निघण्यास साह्य करिते, थांबण्यास नव्हे. ओल्या रस्त्यावर जीव वांचतो तो चांगल्या टायरांनीं आणि आवरलेल्या वेगानें. म्हणून ज्याची रोजची वाट चिखलांतून जाते, त्यानेंच चार चाकांचें बळ घ्यावें. इतरांनीं तो पैसा टायरांसाठीं राखून ठेवावा.