उपवास, साबुदाणा आणि चरबी

'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे आपण थट्टेने म्हणतो. पण उपवासाला खाल्लेल्या साबुदाण्याचे शरीरात काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

चरबी केवळ तेलातुपापासूनच येते असे नाही. पिष्टमय पदार्थांच्या पचनातून ग्लुकोज मिळते. ते वापरून आणि ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून उरले, तर यकृत त्यापासून मेदाम्ले बनवू शकते. हे काम विकरे करतात आणि त्यांच्यावर इन्शुलिनची हुकमत चालते.

१९५० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅसोरो, चायकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृताच्या पातळ कापांना किरणोत्सर्गी कार्बन असलेले ग्लुकोज पुरविले. पिष्टमय आहारावरील उंदरांच्या यकृतात हा कार्बन मेदाम्लांत जाऊन पोचला. उपाशी उंदरांच्या यकृताने मात्र समोर ग्लुकोज असूनही मेदाम्ले जवळजवळ बनविलीच नाहीत. कच्चा माल दारात, पण कारखाना बंद! उपवासात रक्तातील इन्शुलिन घटते व ग्लुकागॉन वाढते. त्यामुळे मेदाम्ले बनविणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या विकराला काही मिनिटांतच लगाम बसतो आणि उपवास लांबला तर विकरांची निर्मितीच मंदावते. उलट मेद-ऊतकात साठलेली चरबी सुटी होऊन स्नायूंना इंधन म्हणून मिळू लागते.

खरी गंमत पुढे आहे. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांना भरपूर पिष्टमय अन्न दिले, की ही विकरे पूर्वीच्या पातळीवर थांबत नाहीत; तिच्याही बरीच वर जातात.

अर्थात उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लावणे बरे नव्हे. नेहमीच्या मिश्र आहारात माणसाचे यकृत ग्लुकोजपासून फारच थोडी चरबी बनवते. आपल्याकडे चरबी साठते ती मुख्यतः आहारातल्या स्निग्ध पदार्थांची. खिचडीतल्या शेंगदाण्यांत सुमारे ४० टक्के तेल असते, तूप वेगळेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याने इन्शुलिन वाढले, की शरीर ग्लुकोज जाळू लागते आणि साठ्यातली चरबी बाहेर पडणे थांबते. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ, रात्री रताळ्याचा कीस, असा दिवस पंचांगात उपवासाचा असला, तरी स्वादुपिंडाला त्याची वार्ता नसते.

शाळेत एवढे करून पाहा. शिजवून गार केलेल्या साबुदाण्यावर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाका. गडद निळा रंग येईल. शेंगदाणा कागदावर चिरडा आणि कागद उजेडासमोर धरा. तेलाचा डाग दिसेल.