वाईनची द्राक्षं आपल्या पट्ट्यात येतील का? आधी रान बघा, मग जात ठरवा



नारायणगाव, जुन्नरकडे पाहुण्यांच्या बागा बघून आलेले काही सभासद विचारतायत, "आपलं रान हलकं आहे, वाईनची द्राक्षं लावू का?" याचं उत्तर व्हॉइस नोटमध्ये मावत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. थोडं लांबलंय, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं ही दोन वेगळी पिकं समजा. थॉमसन, सोनाका, शरद यांत आपण मण्याची फुगवण बघतो. वाईनच्या जातींचा मणी बारीक, साल जाड आणि आत बी असतं. रंग आणि चव सालीत असते. मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते आणि माल पातळ होतो. म्हणून इथे जास्त पाणी, जास्त नत्र आणि जास्त घड म्हणजे नुकसानच. खायच्या द्राक्षाला 18 ब्रिक्सच्या पुढे गोडी आली की माल चालतो. वाईनला साधारण 22 ते 24 लागते, आणि शिवाय आंबटपणाही टिकायला हवा. आंबटपणा थंड रात्रींनी टिकतो. रात्री गरम झाल्या की तो झपाट्याने उतरतो.

म्हणून ज्या देशांत वाईन जुनी आहे तिथे जात रानावरून ठरते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात नदीकाठच्या गोट्यांच्या रानात कॅबर्ने सोव्हिन्यॉ, तर जवळच्याच चिकण मातीत मर्लो. बरगंडीच्या चुनखडीत आणि थंडीत पिनो न्वार. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या उतारावर रिसलिंग. बोर्डो हे नाव ओळखीचं वाटलं ना? आपण फवारतो ते बोर्डो मिश्रण तिथलंच. 1880 च्या दशकात तिथल्या बागांवर केवडा आला, तेव्हा मोरचूद आणि चुन्याचं हे औषध सापडलं. त्याच्या आधी मुळावरच्या फायलोक्सेरा किडीने बागा साफ झाल्या होत्या, त्यावर उपाय म्हणून अमेरिकन वेलींचे खुंट वापरात आले. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकन वेलीचाच.

पण तिकडचं वेळापत्रक आपल्याला चालत नाही. तिथे हिवाळ्यात वेल झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी करून आपण थंडीत माल पिकवतो. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपली खरी वाईनची हवा वर्षभराची नाही, फक्त या चार-पाच महिन्यांची आहे.

महाराष्ट्रात याची मोठी सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅटो इंडाज उभी केली आणि फ्रान्सच्या तंत्राने फेसाळ वाईन काढली. 1997 मध्ये नाशिकला सुलाच्या रानात सोव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां लागल्या. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. पुढे माळशिरस, दौंडकडेही बागा गेल्या. हे सगळे भाग नकाशावर बघा: घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकलेले, पाऊस बेताचा, निचरा चांगला. नाशिक, दिंडोरीच्या रात्री थंड, म्हणून तिथे पांढऱ्या जाती चांगल्या जमल्या. सोलापूरकडे ऊन जास्त, तिथे शिराझ, कॅबर्नेसारख्या लाल जातींना वाव.

आता आपला पट्टा. पुणे-नाशिक रस्ता धरा. *पश्चिमेला, म्हणजे मावळ, वडगाव, टाकवे, भामा आसखेडच्या वरचा भाग: माझ्या मते नाही.* लोणावळ्याला वर्षाला 4000 मि.मी.च्या वर पाऊस पडतो, तो पूर्वेकडे कमी होत येतो, तरी या बाजूला ओल आणि धुकं लांबतं. फळछाटणीनंतर पोंगा ते फुलोरा या काळात परतीचा पाऊस सापडला तर केवडा घडच खाऊन टाकतो. भातखाचराच्या रानात तर विचारही नको. पूर्वेला पाबळ, केंदूर, वाफगावकडे पाऊस बराच कमी आणि माळ मुरमाड. तिथे हे पीक येऊ शकतं.

येईल त्या ठिकाणी जात कुठली? सोव्हिन्यॉ ब्लां लवकर पिकते, गरमी वाढायच्या आत निघते, पण घड घट्ट आणि साल नाजूक, अवकाळीत सडते. शेनिन ब्लां माल जास्त देते, तिचाही घड घट्टच. शिराझ आपल्या हवेला बऱ्यापैकी जुळलेली आहे. कॅबर्ने उशिरा येते, माल कमी, पण साल जाड असल्याने सड कमी. पिनो न्वार आणि रिसलिंग कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा, त्या थंड मुलखाच्या आहेत. खुंट 110 आर मागा. डॉगरिज क्षाराला आणि ताणाला चांगला, पण वेलीला माजवतो आणि पालाश जास्त उचलतो, त्याने रसाचा सामू वाढतो. वाईनवाल्याला ते नको असतं.

एवढं जमलं तरी खरा प्रश्न पुढेच आहे. थॉमसनचा सौदा मोडला तर माल मार्केटला जातो, नाही तर बेदाणा होतो. कॅबर्नेचा बारीक, बियांचा माल कोण खाणार? *गिऱ्हाईक एकच, वायनरी.* 2008 नंतरच्या मंदीत वायनऱ्यांनी खरेदी कमी केली, तेव्हा नाशिक भागात कितीतरी शेतकऱ्यांनी चांगल्या वाढलेल्या वाईनच्या बागा मुळासकट काढल्या. नारायणगावची कंपनीही कर्जात अडकून पुढे बंद पडली. तेव्हा बागांत दोष नव्हता, माल घेणारं कुणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत, त्या नाशिकवाल्याला एवढ्या नाहीत. एक, मजूर. छाटणी, विरळणी, शेंडा मारणं ही कामं शिकलेल्या हाताची, आणि आपली पोरं कंपनीत शिफ्टला जातात. दुसरी, जमीन. बाग पंधरा वर्षांची, मांडवाचा खर्च पहिल्याच वर्षी. रस्ता किंवा एमआयडीसीची मोजणी गावात फिरत असेल, किंवा रान वाट्याचं असेल आणि भाऊबंदांत वाटणी झालेली नसेल, तर मी मांडव घालायला सांगणार नाही.

तरीही ज्यांचा विचार पक्का आहे त्यांनी या क्रमाने चला. रानात तीन फूट खड्डा घ्या, पाणी भरा. सकाळी पाणी तसंच उभं दिसलं तर तिथेच थांबा. निचरा झाला तर माती तपासा: सामू, क्षार आणि मुक्त चुनखडी. चुनखडी जास्त असेल तर पानं पिवळी पडतात. पाणीही तपासा, विशेषतः इंद्रायणीवरून मोटर असलेल्यांनी. मग वायनरीचा लेखी करार. त्यात जात, ब्रिक्सप्रमाणे दर, किती वर्षं, पैसे किती दिवसांत आणि माल नाकारला तर कुणी काय सोसायचं, हे सगळं हवं. "माल आणा, बघू" याला करार म्हणत नाहीत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाईनच्या जातींची लागवड बघायला मिळते, कराराआधी एक चक्कर मारा.

खुंटरोपं फेब्रुवारी-मार्चला लागतात, कलम ऑगस्ट-सप्टेंबरला. म्हणजे माती तपासायला वेळ आहे. नमुना अर्धा किलो, वरचा एक फूट आणि खालचा दोन फूट वेगळ्या पिशवीत, गट नंबर लिहून संकलन केंद्रावर द्या. करार हातात आला असेल तर सही करायच्या आधी त्याचे फोटो मला पाठवा.