पाळी गेल्यानंतर लघवीच्या तक्रारी

टोकियोच्या एदोगावा विभागात निशी-कसाई नावाची वस्ती आहे. सन २००० च्या सुमारापासून संगणकाच्या कामासाठी गेलेली पुष्कळ भारतीय कुटुंबे तेथे राहतात. त्यांत मराठीही आहेत. समजा, साठीची आई मुलाकडे काही महिने राहावयास गेली. रात्री चारदा उठावे लागते, लघवीला आग होते. पण सांगावे कोणाला? जपानी डॉक्टरांपुढे दुभाषा मुलगाच! मग पाणी कमी पिणे, धण्याचे पाणी घेणे आणि "उन्हाळी लागली" म्हणून गप्प बसणे. लोद-दिमोनाच्या घरांतही हा संकोच आहेच.

आता यामागील कारण पाहू. पाळी गेल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन फार कमी होते. योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ हे तिन्ही भाग या द्रव्यावर पोसलेले असतात. ते कमी झाले की आतील अस्तर पातळ व कोरडे पडते, रक्तपुरवठा घटतो, मूत्रमार्ग पूर्वीसारखा घट्ट मिटत नाही. योनीत उपकारक जंतू असतात. ते अस्तरातील साखरेपासून आम्ल तयार करतात व रोगजंतूंना दूर ठेवतात. अस्तर सुकले की ही राखणही जाते. म्हणून जंतुनाशक गोळ्यांनी बरे वाटले तरी दुखणे पुन्हा उलटते. पाणी तोडल्याने तर लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

यावरील एक महत्त्वाचा प्रयोग इस्रायलातच, अफुला येथे झाला. डॉ. राझ व डॉ. स्टॅम यांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रिया त्यात होत्या. इस्ट्रिऑल हे सौम्य इस्ट्रोजेन असलेले मलम योनीत लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर नुसते मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. फरक केवढा आहे, पाहा!

मात्र पोटात घ्यावयाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत २००५ साली दिसले की, त्या घेणाऱ्यांत नकळत लघवी होण्याची तक्रार उलट वाढली. मलमाचा गुण यावयास काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

निशी-कसाईच्या आईने मुलाऐवजी सुनेला बरोबर न्यावे. लघवीच्या विकारांचा विभाग तो 'हिन्योकिका', स्त्रीरोगांचा 'फुजिन्का'. लघवीत रक्त दिसले, किंवा थंडी-ताप येऊन कुशीत कळ आली, तर त्याच दिवशी जावे.