नोकरी पाळीची, शिक्षण रिटेलचं

प्रश्न : मी बारावी पास आहे. पुण्यातल्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. नोकरी न सोडता रिटेल मॅनेजमेंट शिकता येईल का?

उत्तर : येईल. पण ‘फक्त शनिवार-रविवार वर्ग’ या जाहिरातींना भुलू नका. ते शनिवार-रविवारी सुट्टी असणाऱ्याला ठीक. तुमच्या दुकानात तेव्हाच पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला दूरशिक्षण सोयीचं. इग्नूचा रिटेलिंगमधला डिप्लोमा किंवा बीबीए पाहा. कुठल्याही विद्यापीठात प्रवेशापूर्वी त्या वर्षीची यूजीसीची मान्यता मात्र स्वतः तपासा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. डिसेंबरची तयारी नेमकी दिवाळीच्या गर्दीत सापडते, म्हणून अवघड विषय जूनसाठी राखा. परीक्षेची रजा मॅनेजरकडून आधीच लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ ऐन वेळी फिरतं.

पुस्तकात ‘श्रिंकेज’ भेटेल, म्हणजे चोरी, मोडतोड आणि नोंदीतल्या चुकांमुळे होणारी मालातली घट. तो धडा दुकानातल्या स्टॉकमोजणीला उभं राहून समजून घ्या. नुसत्या कॉलेजात जाणाऱ्यांना ही सोय नाही!

कंपनी फी देते का, हे एचआरला विचारा. देत असेल, तर बदल्यात किती वर्षांच्या बाँडवर सही मागतात, तेही.